वाऱ्याने नेलेल्या दोन ओळी

गाडी अडली ती परड्यांमुळे.

निऊलान गावातल्या जुन्या देवळाच्या इतिहासावर कार्यक्रम करायचा, म्हणून परगण्याच्या सार्वजनिक दूरदर्शन वाहिनीची मंडळी सकाळीच डोंगर चढून आली होती. पण देवळाकडे जाणाऱ्या एकुलत्या एका गल्लीत, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, बांबूच्या गोल परड्या मांडून ठेवलेल्या. परड्यांत सोललेली पर्सिमन — टेंभुर्णीच्या गोत्यातलीच, पण अंगाने भरलेली, केशरी रंगाची फळं. उन्हात अशी चमकत होती की गाडीच्या काचेवरसुद्धा केशरी उजेड पडला होता.

दिग्दर्शक लाई साहेबांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "अहो, या जरा बाजूला घेता का?"

परड्यांमध्ये उकिडवा बसलेला तरुण वर न बघताच म्हणाला, "घेतो की."

"कधी?"

"सुकल्या म्हणजे."

मागच्या बाकावर बसलेली च्यूलान फिसकन हसली. त्या हसण्याबरोबर त्याने मान वर केली, आणि मग ती मान लगेच खाली गेली नाही.

लाई साहेब रागावलेच असते, पण त्यांचा डोळा मुळात चित्राचा. त्यांनी एकदा गल्लीकडे पाहिलं, एकदा देवळाच्या छपराकडे. "देऊळ इतकी वर्षं उभं आहे, आणखी थोडे दिवस राहील," ते म्हणाले. "उतरा सगळे. या खेपेला फळं."

'डोंगरापलीकडून' हा त्यांचा कार्यक्रम दर आठवड्याला लागायचा. कधी विसरलेली भट्टी, कधी लग्नातली वाद्यं, कधी कुणाच्या सुगरण मावशीचं लोणचं. च्यूलान त्याची ध्वनिमुद्रक. खाली शहरात वाढलेली, राजधानी तैपेईत शिकून परत आलेली. तिचं काम मोठं चमत्कारिक: जगातले सगळे आवाज टिपायचे आणि आपण मात्र चूं करायचं नाही. चित्रीकरण चालू असताना तिने श्वाससुद्धा जपून घ्यायचा. तिला ते जमायचंही छान. शाळेतल्या गायनाच्या बाईंनी लहानपणीच सांगून ठेवलं होतं, 'तू गाऊ नकोस हं बाळ, नुसते ओठ हलव.' तेव्हापासून तिने गाण्याशी फारकत घेतली होती.

तिने लांब काठी जोडली, काठीच्या टोकावरच्या माइकला केसाळ आवरण चढवलं, कानांवर हेडफोन घातले — आणि तोंड वाकडं केलं.

"इथला वारा कधी थांबतो?" तिने त्या तरुणाला विचारलं.

"कशाला थांबवायचाय?"

"आवाज खराब होतो."

"थांबला तर फळं खराब होतात." त्याने गंभीर चेहऱ्याने एक फळ उलटं केलं. "नवव्या महिन्याचा वारा आहे हा. वर्षभर याची वाट बघतो आम्ही. तुम्ही आल्या आल्या त्याला हाकलायला निघालात?"

"हाकलत नाहीये. जरा हळू वाहा म्हणतेय."

"सांगून बघा. माझं तर कधी ऐकत नाही." मग काठीकडे बघून, "आणि ते टोकावर मांजर कशाला टांगलंय?"

"मांजर नाही ते. माइक आहे."

"चावत तर नाही ना?"

"अजून तरी कुणाला चावलेलं नाही," च्यूलान म्हणाली, आणि आपण हसतोय हे कळल्यावर तिने हेडफोन उगाचच सारखे केले.

त्याचं नाव फान युंगहे. वडिलांमागे बाग आणि अंगण तोच बघायचा. घरात तो आणि त्याची आई. तिला सगळा गाव फान काकू म्हणायचा. या काकूंच्या हातात सोलायची सुरी आणि तोंडात गावाच्या बातम्या, दोन्ही सारख्याच धारेने चालायच्या.

फळं सुकायला वेळ लागतो, म्हणून मंडळी पुन्हा पुन्हा येत राहिली. लाई साहेबांना चित्रं हवी होती. च्यूलानला — असं ती सांगायची — आवाज हवे होते. सुरीखाली साल निघतानाचा आवाज. परडी परडीवर ठेवल्याचा आवाज. फळं अर्धी सुकली की ती बोटांनी दाबून चपटी करतात, त्याचा तर आवाजच होत नाही. तरी ती तो टिपायला युंगहेच्या शेजारी बराच वेळ बसायची.

"असं नाही," तो तिला शिकवायचा. "अंगठ्याने. हळू... कानाची पाळी दाबल्यासारखं. फार दाबलं तर फुटतं, कमी दाबलं तर आत पाणी राहतं."

"आणि बरोबर दाबलं हे कसं कळतं?"

"कळतं. ते मऊ होतं... आणि मग आपणही."

तिने फळावरून नजर उचलली नाही. पण अंगठा मात्र जागच्या जागी थांबला होता.

एकदा तिने आपले हेडफोन त्याच्या कानांवर चढवले आणि काठी फळाजवळ नेली. "ऐका."

युंगहेचे डोळे मोठे झाले. फळावर मधमाशी चालत होती, आणि तिच्या पायांचा आवाज त्याला ऐकू येत होता! तो लहान मुलासारखा हसला. मग च्यूलानने गंमत म्हणून काठी हळूच वळवली, अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला, जिथे फान काकू शेजारणीच्या कानात काहीतरी सांगत होत्या. युंगहेचं हसू विरलं. कान लालबुंद झाले. त्याने घाईघाईने हेडफोन काढले.

"काय ऐकलंत?"

"मधमाशी."

"मधमाशी एवढा वेळ बोलते?"

"आमच्याकडची बोलते," तो म्हणाला आणि परडी उचलून पळाला. काकूंचं वाक्य काय होतं ते च्यूलानला त्या दिवशी कळलं नाही. पण निघताना काकूंनी तिच्यापुढे दाणे-तीळ घालून कुटलेल्या चहाचा वाडगा ठेवला आणि तिच्या मनगटाकडे बघत म्हणाल्या, "वरून मुरमुरे घे अजून. फारच बारीक आहेस गं!"

शेवटच्या दिवशी लाई साहेबांना गाणं हवं होतं. डोंगरात राहणाऱ्या हाक्का समाजाच्या वस्तीत आलो आणि डोंगरगाणं नाही, असं कसं चालेल? काकूंनी मुलाकडे बोट दाखवलं. युंगहेने आढेवेढे घेतले, मग अचानक तयार झाला. लाई साहेब कॅमेरा घेऊन समोरच्या घराच्या गच्चीवर गेले, सगळं केशरी अंगण एका चित्रात यावं म्हणून. खाली युंगहे, फळं दाबणाऱ्या बायका, आणि चौकटीच्या जरा बाहेर काठी धरून च्यूलान.

त्याने सूर लावला. आवाज साधा, पण डोंगराला ऐकू जाईल असा मोकळा.

*नवव्या महिन्याचा वारा, फळं झाली गोड गं,*
*सगळं सुकलं अंगणी, एक ओली ओढ गं...*

आणि तेवढ्यात डोंगरावरून वाऱ्याचा लोट आला. हेडफोनमध्ये नुसता गडगडाट. च्यूलानने डोळे मिटून काठी कशीबशी सावरली. डोळे उघडले तेव्हा युंगहेचं गाणं संपत आलं होतं, तो सरळ तिच्याकडे बघत होता, आणि बायका तोंडावर पदर... छे, तिथे पदर कुठला, हातातल्या टोप्या तोंडावर धरून खिदळत होत्या. आपल्या मांजराला हसतायत, असं तिला वाटलं. तीही हसली.

झालं ते एवढंच. शहरात परतल्यावर तिने तो तुकडा काढला, वाऱ्याचा लोट सुरू झालेला ऐकला, आणि सवयीने पुढचं सगळं कापून टाकलं. ध्वनिमुद्रकाचा कान हा! गाणं चालू असताना त्याला आधी खरखर ऐकू येते. लाई साहेबांना ते अर्धं गाणंच आवडलं. 'एक ओली ओढ गं' वर शेवट, मग सुकणारी फळं, मग नावं. बघणाऱ्याच्या मनात हुरहूर राहील, ते म्हणाले.

हुरहूर राहिली खरी, पण ती फोनवरून परत आली. कार्यक्रम लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी वाहिनीचा फोन वाजायला लागला तो थांबेना. डोंगरगाण्याचा नियमच तसा. कुणी गाण्यात विचारलं की उत्तर गाण्यातच द्यायचं. बोलून दिलेलं उत्तर धरत नाहीत. आणि इथे तर एक चांगला तरणाताठा माणूस, एवढ्या मोठ्या पडद्यावर, ओढ कुणाची ते न सांगता गप्प झालेला! कुणी भाचीसाठी गात होतं, कुणी पुतणीसाठी. एक आजीबाई स्वतःसाठीच गायल्या. "वय विचारू नका," त्या म्हणाल्या, "आवाज ऐका."

लाई साहेब हर्षाने वेडे व्हायचे बाकी राहिले. "पुढचा भाग 'उत्तर'! सगळ्यांत छान गाणारीला निऊलानला न्यायचं. युंगहेच्या अंगणात समोरासमोर!"

च्यूलानला ही कल्पना का कोण जाणे मुळीच आवडली नाही. पण ती बोलली नाही. न बोलणं हे तिचं कामच होतं.

युंगहेला विचारायला म्हणून ती साहेबांबरोबर गेली, तेव्हा तो परड्या रचत होता. तिला बघून त्याने मान लववली, पाहुण्यांना लववतात तशी. मांजराची चौकशी नाही, चिमटा नाही, काही नाही. साहेब त्याच्याशी बोलून जागा बघायला पुढे गेले, तेव्हा ती त्याच्याजवळ आली.

"युंगहे, मी—"

"लाई साहेबांना हो म्हटलंय मी," तो शांतपणे म्हणाला. "गावाला हसायला नवीन काहीतरी मिळेल. जुनं शिळं झालं आता."

"कसलं जुनं?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही, राग असता तर बरं झालं असतं. "तुम्ही रीतीने केलंत, च्यूलान. मी मनात काही ठेवलेलं नाही." आणि परड्या घेऊन तो मागच्या दाराने निघून गेला.

ती चुलीपाशी काकूंकडे गेली. काकूंनी नेहमीसारखा वाडगा पुढे केला, पण मुरमुऱ्यांचा आग्रह केला नाही.

"काकू, मी काय केलं?"

"वाईट काही नाही केलंस, पोरी. आमच्या निऊलानमध्ये नकार द्यायची पद्धत आहेच ती. बाई तोंडाने नाही म्हणत नाही. त्याच्या गाण्याच्या पहिल्या दोन ओळी त्याला परत करते आणि पुढच्या गिळते. अर्धं गाणं परत आलं की पोराने समजून घ्यायचं, पुन्हा विचारायचं नाही." काकूंनी लाकूड आत सारलं. "तू तर सगळ्या परगण्यासमोर परत केलंस. टीव्हीवर. आमच्याकडे इतका जंगी नकार आजवर कुणाला मिळाला नव्हता."

च्यूलानने वाडगा खाली ठेवला. "पण पुढच्या ओळींत होतं काय?"

"तू तिथंच उभी होतीस की!"

"माझ्या कानात वारा होता, काकू..."

काकूंनी चुलीवरून नजर काढून तिच्याकडे पाहिलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "ते मी नाही सांगायची," त्या म्हणाल्या. "गायलं त्याने, ऐकायचं तू. तुझ्या त्या मांजराच्या पोटात असेल, जा, बघ."

शहरात परतल्यावर वाहिनीच्या दुपारच्या रिकाम्या खोलीत तिने मूळ ध्वनिमुद्रण काढलं. वाऱ्याचा गडगडाट हळूहळू खाली नेला. आणखी खाली. कचऱ्यातून मोती वेचावा तसे शब्द वर येऊ लागले — पुसट, तुटक, पण त्याचे.

*काठीवर मांजर घेऊन उभी माझ्या दारी गं,*
*कान झाकून ऐकणारी, सांग, येशील का घरी गं?*

कान झाकून ऐकणारी! च्यूलानने हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तिचं प्रेम होतं त्याच्यावर. फळ दाबायला शिकवलं तेव्हापासून, कदाचित 'सुकल्या म्हणजे' म्हणाला तेव्हापासूनच. आणि आयुष्यात कुणी तिच्यासाठी पहिल्यांदा गायलं, ते तिने खरखर म्हणून कापून टाकलं होतं!

फोन करून सांगावं? बोललेलं धरत नाहीत. मग गायचं? तिने? तिला शाळेतल्या बाई आठवल्या. नुसते ओठ हलव.

'उत्तर'च्या चित्रीकरणाला जाताना गाडीत तिचे ओठ खरोखरच हलत होते. "ताप आलाय का तुला?" लाई साहेबांनी विचारलं. तिने मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून, ते त्यांना कळलं नाही.

शेजारी वेन बाई बसल्या होत्या. पलीकडच्या गावच्या संगीत शिक्षिका, तिशीच्या, देखण्या, आणि आवाज असा की फोनवर ऐकूनच लाई साहेबांनी बाकीच्यांची नावं खोडली होती. अंगणात सगळं गाव जमलेलं. परड्यांतली फळं आता चपटी, गडद, अंगावर साखरेची पिठी धरू लागलेली. गावाची रीत अशी, की उत्तर पटलं तर गाणाऱ्याने सुकलेलं फळ समोरचीच्या तळहातावर ठेवायचं. फळ दिलं की गाणं मिटलं. मग त्यावर पुन्हा कुणी, कुणाला, काही विचारायचं नाही.

"शांतता!" लाई साहेब ओरडले.

वेन बाई गायल्या. काय सुंदर गायल्या! च्यूलानच्या हेडफोनमध्ये एकही खरखर नव्हती. वारासुद्धा ऐकत थांबला होता, दुष्ट! गाणं संपलं. गावाने टाळ्या वाजवल्या. युंगहेने वाकून परडीतलं एक फळ उचललं. त्याच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, दुःखही नव्हतं. दारी आलेल्याला विन्मुख पाठवायचं नाही, एवढीच माणुसकी होती.

"थांब रे," फान काकू मधेच म्हणाल्या. "रीत आहे, विचारायला हवं." आणि सगळ्या अंगणावरून नजर फिरवत ती काठीवाल्या मुलीवर आणून ठेवली. "आणखी कुणाचं उत्तर आहे का? डोंगराच्या अलीकडून, पलीकडून?"

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. युंगहेने पाऊल उचललं.

च्यूलानने काठी खाली ठेवली. जमिनीवर, परड्यांच्या शेजारी. कानांवरचे हेडफोन काढून गळ्यात सोडले. आणि चालू चित्रीकरणात, जन्मभर पाळलेला नियम मोडून, तिने तोंड उघडलं.

*वाऱ्यावरती चिडले मी, शब्द गेले वाहून रे,*
*अर्धं गाणं कापलं मी, वाराच फक्त ऐकून रे...*

सूर पहिल्याच शब्दाला घसरला. दुसऱ्या ओळीला तर पार दरीत गेला. गच्चीवर लाई साहेबांनी कपाळाला हात लावला. तिने मात्र डोळे त्याच्यावरून काढले नाहीत.

*मांजर ठेवलं खाली आता, कान केले मोकळे रे,*
*राहिलेले शब्द गा तू, ऐकीन आता सगळे रे!*

युंगहे फळ हातात धरून तसाच उभा. त्याच्या चेहऱ्यावर सगळं एकदमच उमटलं — वारा, हेडफोन, कापलेल्या ओळी, आणि इतके दिवस उगाच गिळलेलं दुःख.

"म्हणजे तू... ऐकलंच नव्हतंस?" तो 'तुम्ही' विसरला होता.

"बोलून चालत नाही ना तुमच्यात?" च्यूलानचा आवाज रडवेला झाला होता, आणि ती हसतही होती. "मी मेली गातेय इथे, आणि तू बोलतोस काय?"

पहिल्यांदा हसल्या त्या वेन बाई. "बेसूर आहे," त्या युंगहेला म्हणाल्या, "पण पत्ता बरोबर आहे. जा, माझी फिकीर करू नका. मला यातलं नुसतं खायला द्या एखादं."

मग युंगहे तिच्यासमोर आला, अगदी जवळ, जिथे गायला आवाज लागत नाही. आणि त्याने त्या दोन ओळी पुन्हा म्हटल्या. तो सुरू झाला आणि डोंगरावरून वाऱ्याचा लोट आला — तोच, मेला, नवव्या महिन्याचा. परड्या खडखडल्या, टोप्या उडाल्या, बायका धावल्या. च्यूलान हलली नाही. या वेळी तिच्या कानांवर काही नव्हतं. तिने एक एक शब्द ऐकला, आणि शेवटच्या शब्दाला हात पुढे केला. त्याने तिच्या तळहातावर फळ ठेवलं आणि वरून तिची बोटं मिटवली, हळू, फार न दाबता.

'उत्तर' त्या आठवड्यात लागला तेव्हा त्याच्या ओठांची हालचाल सगळ्या परगण्याने पाहिली, पण शब्द कुणालाच ऐकू गेले नाहीत. मांजर जमिनीवर पडलेलं. त्याने टिपला तो नुसता वारा आणि परड्यांचा खडखडाट. दुसऱ्या दिवशी सकाळपासून वाहिनीचा फोन पुन्हा वाजायला लागला. अहो, तो शेवटी गायला काय? तुमच्या ध्वनिमुद्रकाला काही कळतं की नाही?

च्यूलानने प्रत्येक फोन स्वतः घेतला. "माफ करा हं," ती दर वेळी गोड आवाजात सांगत होती, "वारा फार होता."